खालाच्या भिंतीवरच्या रायफली

अरादच्या त्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही दोघं राहायचो आणि खालच्या मजल्यावर आमची घरमालकीण, तिच्या सात रायफलींसोबत.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. आम्हाला बहारीनला येऊन जेमतेम एक उन्हाळा झाला होता. नवरा राजधानीत, मनामाला, एका बँकेत अकाउंट्सला होता. मी त्याच्या व्हिसावर आलेली. मिरजेला कॉलेजच्या लॅबमधली माझी नोकरी सोडून आले होते आणि इथे सकाळी त्याची गाडी वळणाआड गेली की दिवसभर मी आणि एअर कंडिशनरची घरघर. विमानतळ अगदी जवळ, त्यामुळे विमानं डोक्यावरून जायची. कुठलं आपल्याकडे चाललंय याचा अंदाज बांधत मी खिडकीशी उभी राहायचे.

एकदा दुपारी नळाला पाणी येईना म्हणून मी खाली गेले. घरमालकीण साठी उलटलेली बाई होती, उंच, किंचित वाकलेली. हज करून आलेली म्हणून गल्ली तिला हज्जिया म्हणायची. तोवर आमचं नातं जिन्यात सलाम करण्यापुरतं होतं. तिने मला मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या दिवाणखान्यात बसवलं आणि पंप सुरू करायला आत गेली. खोलीत भिंतीलगत गाद्या, तक्के, मध्ये गालिचा. आणि समोरच्या भिंतीवर, एकीखाली एक, आडव्या टांगलेल्या सात रायफली.

ती परत आली तेव्हा मी भिंतीशी उभी होते.

"ये तो थ्री-नॉट-थ्री है," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

ती थांबली. "तुम कैसे जानती?"

तिची हिंदी ऐकून मी जितकी चकित झाले, तितकीच ती माझ्या उत्तराने झाली असावी. मी तिला सांगितलं, कॉलेजात तीन वर्षं मी एनसीसीत होते. परेडला हीच रायफल असायची. खांद्यावर घेऊन मैदानाला चकरा मारल्यात, खांद्याला टेकवायच्या लाकडी दस्त्याने तिथलं हाड निळं झालंय. शनिवारी आम्हा मुलींना कोठाराच्या व्हरांड्यात ओळीने बसवायचे आणि रायफली साफ करायला लावायचे. शिकवणारे उस्ताद नळी उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघायचे, आत एखादा कण दिसला तरी परत करायला लावायचे. बाकीच्या मुली कुरकुरायच्या. मला ते काम आवडायचं. मला सैन्यातच जायचं होतं, पण त्या काळी मुलींना डॉक्टर किंवा नर्स झाल्याशिवाय ते दार बंद होतं. मग लॅब आली, मग लग्न, मग बहारीन.

ती ऐकत होती आणि माझ्याकडे नवीनच कोणी आल्यासारखी बघत होती. मग तिने चहा मागवला. पाण्याचा विषय राहूनच गेला.

तिची हिंदी मुंबईची होती. तिचे वडील मोत्यांचे व्यापारी. तिच्या लहानपणी वर्षातले काही महिने त्यांचं बिऱ्हाड मुंबईत असायचं, त्यामुळे शेंगदाण्याची चटणी आणि "चल हट" हे दोन्ही तिला माहीत होतं. पुढे आमच्या गप्पा त्याच हिंदीत झाल्या. इथे मी त्या मराठीत लिहितेय, कारण माझ्या आठवणीत ती आता मराठीतच बोलते. त्या दिवसापासून मी तिला खाला, म्हणजे मावशी म्हणायला लागले आणि ती मला बिंती, म्हणजे माझी मुलगी.

नवरा जाऊन तिला वर्ष झालं होतं. रायफली त्याच्या. कस्टममध्ये कारकून होता. ती म्हणाली, "बाकीच्या पुरुषांनी ससाणे पाळले, जमिनी घेतल्या. ह्याने इंग्रजांच्या मोडीतल्या बंदुका गोळा केल्या."

ही गोष्ट तिने मला पुढे अनेकदा सांगितली, दर वेळी थोडी वेगळी. इंग्रज बेटावरून निघून गेले त्या सुमाराला जुनी शस्त्रं कवडीमोलाने मिळायची. लष्कराला नवी आली की जुनी निकालात निघायची. काही ओमानकडून गलबतांवरून यायची, काही कोणाच्या आजोबांनी वाळवंटात वापरून कोपऱ्यात टाकलेली. एका बऱ्या हातघड्याळापेक्षा रायफल स्वस्त. कारकुनाच्या पगारात बसेल असा तो एकच शौक होता. तो शुक्रवारी सकाळी बाजारात जायचा आणि भाजीच्या पिशवीसोबत चटईत गुंडाळलेलं काहीतरी लांबडं घेऊन यायचा. पुढे कायदे आले, परवाने आले. आणि मग बाहेरदेशचे शौकीन आले, त्यांनी भाव असे चढवले की त्याला पुन्हा एकही घेता आली नाही.

"शेवटपर्यंत म्हणायचा, तेव्हा आणखी दोन घेऊन ठेवायला हव्या होत्या," खाला म्हणाली. "मी म्हणायचे, तेव्हा फ्रिज घ्यायला हवा होता."

मी उठून जवळून पाहिलं. नळ्यांवर, पितळी पट्ट्यांवर, पट्ट्याच्या कड्यांवर तांबूस-हिरवी बुरशी धरल्यासारखं दिसत होतं. समुद्र तिथे चहूबाजूंनी. हवेत मीठ इतकं की खिडकीचे गज दर हिवाळ्याला रंगवावे लागत. वर्षभर कोणाचा हात न लागलेलं लोखंड गंजणारच.

"खाला, ह्यांना तेल लागायला हवं."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "तो दर शुक्रवारी करायचा. मी हात लावत नाही त्यांना. लग्न झाल्यापासून नाही लावला. सवती आहेत त्या माझ्या."

ती हसत म्हणाली, पण उठताना तिने भिंतीकडे पाठ केली ती तशीच ठेवली.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला. "अगं, बंदुका? आपण परदेशात आहोत. उद्या कोणी काही विचारलं तर?" त्याचं चूक नव्हतं. त्या दिवसांत बेटावर वातावरण तंग होतं, रस्त्यात गाड्या तपासत. आपण नोकरीला आलेली माणसं, आपण कशाच्या अध्यात ना मध्यात, असं आमचं सगळ्यांचंच वागणं असे.

"अहो, मला फक्त पुसायच्या आहेत," मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघत राहिला. आल्यापासून मी कशासाठीच हट्ट धरला नव्हता, हे बहुधा त्याच्याही लक्षात आलं. "शुक्रवारी त्यांचा मुलगा येतो ना? त्याला विचारतो आधी," म्हणाला.

खालाचा मोठा मुलगा मनामात राहायचा आणि शुक्रवारी नमाजानंतर आईकडे जेवायला यायचा. पन्नाशीकडे झुकलेला, अबोल माणूस. त्याने सांगितलं, सगळ्यांना वडिलांच्या नावे परवाना आहे आणि बोल्ट, म्हणजे ज्याच्याशिवाय रायफल म्हणजे नुसता लोखंडाचा नळ, ते काढून कधीच पोलिसांकडे जमा केलेत. "तुम्ही पुसल्यात तर आई खूश होईल. मला ते काम जमत नाही," तो म्हणाला, आणि जरा थांबून, "मला बघवतही नाही."

एवढं झाल्यावर नवरा राजी झाला. पहिल्या शुक्रवारी तो माझ्याबरोबर खाली आला, देखरेख करायला म्हणून तक्क्याला टेकून बसला आणि तासाभरात घोरायला लागला. खालाने त्याच्या अंगावर शाल टाकली. पुढच्या वेळेपासून तो आपला वरच झोपायचा.

लाकडासाठी जवसाचं तेल हवं होतं. थ्री-नॉट-थ्रीच्या दस्त्याला तेच लावतात, उस्तादांनी आमच्याकडून ते तळव्याच्या उबेने जिरवून घेतलेलं. जिदहफ्सला एका रत्नागिरीकडच्या चाचांचं रंगाचं दुकान होतं. आमच्यासारखी मराठी माणसं गेली की ते काउंटरच्या आतून बाहेर यायचे.

"अळशीचा तेल?" ते म्हणाले. "घोव क्रिकेट खेळतो काय गो तुझा?"

मला कळेना. मग उमगलं, क्रिकेटच्या बॅटीलाही हेच तेल लावतात.

"नाही चाचा. मीच वापरणार आहे."

"तू खेळतस?" त्यांनी मला खालून वरपर्यंत बघितलं आणि मान डोलावली. "खेळ, खेळ. इथे घरात बसून बायकांचे गुडघे धरतात." आणि बाटलीबरोबर जुन्या मऊ फडक्यांचा गठ्ठा त्यांनी तसाच दिला. मीही खरं सांगत बसले नाही. पुढे दर भेटीत ते माझ्या बॅटिंगची चौकशी करायचे.

आम्ही गालिचा गुंडाळून बाजूला केला, जुनी चादर अंथरली. मी सगळ्यात वरची रायफल खाली घेतली. हातात आल्याबरोबर खांद्याने आपोआप तिची जागा शोधली. इतकी वर्षं झाली होती, तरी ते वजन शरीराला पाठ होतं. मी विशीतली, मिरजेच्या मैदानावरची मुलगी झाले क्षणभर. खाला लांब, दाराजवळच्या गादीवर बसून बघत होती.

बाहेरची नळी रॉकेलच्या फडक्याने पुसून झाली. आतून पुसायला पुलथ्रू हवा, म्हणजे टोकाला वजन असलेली दोरी, तिला फडक्याची पट्टी अडकवून नळीतून ओढायची. मी विचारलं, "खाला, त्यांची एक दोरी असेल बघ, जाड, पितळी वजनाची. कुठे ठेवायचे?"

"मला काय माहीत. दार लावून बसायचा. माझं दर शुक्रवारचं भांडण होतं ते. घरात बायको आहे आणि तू दार लावून लोखंडाशी काय बोलतोस."

तेव्हा मला आठवलं. ह्या रायफलीच्या दस्त्याच्या टोकाला पितळेचा पत्रा असतो आणि त्यात एक छोटी झडप. आत लाकडात पोकळी असते. शिपायाने तेलाची बाटली आणि पुलथ्रू तिथेच ठेवायचा, म्हणजे लढाईत शोधाशोध नको. मी अंगठ्याने झडप दाबली. ती घट्ट बसली होती. चमच्याच्या दांड्याने उचकटल्यावर उघडली. मी दस्ता तळहातावर उलटा केला आणि टिचकी मारली.

सोनेरी कागदात गुंडाळलेली टॉफी तळहातावर पडली. मग दुसरी. तिसरी आत अडकलेली, तिला सुईने ओढावं लागलं.

मी हात पुढे केला. खाला उठून जवळ आली आणि वाकली.

"हे काय?" तिने विचारलं, तिला दिसत असूनही.

तिच्या नवऱ्याला मधुमेह होता. शेवटची सात-आठ वर्षं तिने घरात साखर शिरू दिली नव्हती. खजूर मोजून. चहा कडू. पाहुण्यांनी हलवा आणला तर तो दारातूनच शेजारी जायचा. हे ती मला अभिमानाने सांगत आली होती.

"दुसरी उघड," ती म्हणाली.

दुसरीत खरंच तेलाची पितळी बाटली आणि पुलथ्रू निघाला. तिसरीत पुन्हा टॉफ्या, आणि खाल्लेल्यांचे कागद, नीट घड्या घातलेले, म्हणजे ते कचऱ्यात सापडायला नकोत. चौथीतही. पाचवीत खजुराच्या बिया. उरलेल्या दोन वेगळ्या होत्या, एक खटक्याची जुनी आणि एक तुर्की. त्यांना अशी झडप नव्हती म्हणून त्या तेवढ्या निर्दोष सुटल्या.

खाला खाली चादरीवर बसली आणि हसायला लागली. मी तिला तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. खांदे हलत होते, आवाज येत नव्हता. मग तिने ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं आणि ते तिथेच राहिलं. रॉकेलच्या वासात आम्ही दोघी बसून होतो, मागे नवरा घोरत होता आणि वरून एक विमान गेलं.

"चोर," ती अखेर म्हणाली. "आणि मी समजत होते त्या माझ्यापेक्षा सुंदर आहेत."

तिने एक टॉफी उचलली. कागद चिकटला होता, तो तिने नखाने कुरतडून काढला आणि टॉफी तोंडात टाकली. "अजून चांगली आहे," म्हणाली, आणि एक मला दिली.

दुपारी मुलगा जेवायला आला तेव्हा तिने उरलेल्या टॉफ्या बशीत घालून, कागदांसकट, त्याच्यापुढे ठेवल्या. तो बशीकडे बघत राहिला आणि मग दाराकडे बघायला लागला.

"तू आणायचास?"

"कधीतरी," तो म्हणाला. मग म्हणाला, "दर शुक्रवारी."

ती त्याला रागावेल असं मला वाटलं. तिने त्याच्या ताटात भात वाढला आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. पन्नाशीचा तो माणूस मान खाली घालून जेवत राहिला.

त्यानंतर खाला लांब बसेनाशी झाली. पुढच्या शुक्रवारी मी खाली गेले तर चादर आधीच अंथरलेली आणि ती फडकी कापत बसलेली. आधी ती फक्त पट्ट्या कापून द्यायची. मग एकदा म्हणाली, दोरी मी ओढू का? मी नळी धरली, तिने दोरी ओढली. फडकं काळं होऊन बाहेर आलं. आम्ही पुन्हा पट्टी बदलली, पुन्हा ओढली, पांढरं फडकं पांढरंच येईपर्यंत. मग मी तिला नळी उजेडाकडे धरून बघायला लावलं. आतल्या भिंतीवर वळत जाणाऱ्या चकचकीत रेघा असतात. तिने एक डोळा मिटायचा प्रयत्न केला, तो तिला जमेना, तेव्हा तळव्याने झाकला.

"हे बघत बसायचा तो," ती म्हणाली. "सुंदर आहे."

एका रायफलीला एक-दोन शुक्रवार लागायचे. घाई कोणालाच नव्हती. लाकूड तेल पिऊन गडद व्हायला लागलं की दस्त्याच्या मानेपाशी, जिथे मुठीची पकड येते, तिथे आधीपासूनच एक काळसर गुळगुळीत डाग दिसायचा. सगळ्यांवर, एकाच जागी. खाला तिथे हात ठेवायची. तिची बोटं लांब होती, तरी तो डाग त्याहून मोठा होता. तेल जिरवायचं काम तिने पुढे माझ्याकडे दिलंच नाही.

ती खूप बोलायची त्या सकाळी. मी कधी कधी मिरजेचं सांगायचे. आम्हाला मूल हवं होतं आणि होत नव्हतं, हे मी तिला कधी सांगितलं नाही. बेटावरच्या आमच्या मराठी मंडळात प्रत्येक हळदीकुंकवाला कोणी ना कोणी विचारायचं, काय मग, काही विशेष? खालाने कधीच विचारलं नाही. एकदाच, मी फारच गप्प होते त्या दिवशी, तिने माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं, माझे तेलकट हात स्वतःच्या हातांत घेतले आणि म्हणाली, "आज काम नको. आज नुसती बस." आणि आम्ही दुपारपर्यंत नुसत्या बसलो.

हिवाळा संपत आला तेव्हा खालाच्या मुलाने बातमी आणली. परवाना वडिलांच्या नावे होता, तो आता नव्या नावावर होणार नव्हता. त्याने खटपट करून पाहिली होती. त्या वातावरणात कोणी ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हतं. सगळ्या रायफली जमा कराव्या लागणार होत्या.

खाला भिंतीकडे बघत होती. सहा चमकत होत्या, तुर्की अजून बाकी होती.

"कधी?"

"ते येतील म्हणालेत. पुढच्या आठवड्यात."

"त्यांना सांग, दोन आठवडे. एक राहिलीये."

"आई, त्या ते गोदामात टाकतील. साफ असल्या काय, नसल्या काय."

"तुझ्या वडिलांची माणसं आहेत," ती म्हणाली. "घरातून मळक्या कपड्यांनी कोणी जात नाही."

मुलाने कसं जमवलं माहीत नाही, पण त्याने दोन आठवडे मिळवले. तुर्की सगळ्यात वाईट अवस्थेत होती. तिच्या लाकडावर कोणीतरी चाकूने चंद्रकोर कोरलेली, तिच्यात वर्षांचा मळ बसलेला. खालाने तो टूथब्रशने काढला. मी शेवटचा आठवडा रोजच खाली जात होते. नवरा बँकेतून आला की तोही येऊन बसायचा आणि पितळी पट्ट्या घासायचा. टाय सोडलेला, बाह्या दुमडलेल्या. एरवी घरात पेला न उचलणारा माणूस, पण त्याने त्या पट्ट्या अशा लखलखवल्या की खाला म्हणाली, ह्याला आता वर झोपू देऊ नकोस.

ते आले त्या सकाळी दारात जीप उभी राहिली. एक तरुण अधिकारी आणि दोन शिपाई. अधिकारी चांगल्या घरातला असावा, बूट बाहेर काढून आत आला, खालाला वाकून सलाम केला. तिने आधी त्यांना कहवा पाजला. मग तो उठून भिंतीपाशी गेला आणि एक रायफल खाली न काढताच तिच्यावरून बोट फिरवलं. बोट पाहिलं. त्याने अरबीत काहीतरी विचारलं आणि खालाने माझ्याकडे हात केला. "बिंती," एवढा शब्द मला कळला.

शिपाई पुढे झाले तेव्हा तिने त्यांना थांबवलं.

तिने पहिली रायफल स्वतः खाली उतरवली. दोन्ही हातांवर आडवी घेतली, झोपलेलं मूल घेतात तशी, आणि अंगणातून चालत जीपपर्यंत नेली. परत आली, दुसरी घेतली. वजन कमी नसतं त्यांचं. मुलगा मदतीला गेला तर तिने मान हलवली. गल्लीतल्या बायका दारांत येऊन उभ्या राहिल्या. अधिकारी उन्हात जीपच्या मागच्या फळीपाशी उभा होता आणि प्रत्येक रायफल तिच्याकडून दोन्ही हातांनी घेऊन ब्लँकेटवर ठेवत होता. तिसरीनंतर तिला धाप लागली, ती पायरीवर बसली. मी पाणी दिलं. पुन्हा उठली.

सगळ्या गेल्यावर तिने अधिकाऱ्याला विचारलं, आता कुठे नेणार. मुलाने मला हळू आवाजात सांगितलं, तो म्हणतोय सध्या कोठारात, पुढे कधीतरी एखाद्या संग्रहालयात लागतील.

"इंशाल्ला," खाला म्हणाली. बेटावर राहणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतं, होणार नसलेल्या गोष्टीला तो शब्द कसा म्हणतात. अधिकाऱ्यालाही ठाऊक होतं. त्याने नजर खाली केली.

जीप गेली. आत आलो तर भिंतीवर सात लांबट फिकट पट्टे उरले होते, जिथे रंगाला ऊन लागलं नव्हतं. मी खालाकडे बघायचं टाळलं. ती मात्र नीट उभी राहून भिंत बघत होती, तळहात एकमेकांवर चोळत.

"लोक म्हणतील म्हातारी वेडी आहे," ती म्हणाली. "मला इतकी वर्षं त्यांचा राग होता. राग करायला तरी काहीतरी होतं."

पुढच्या शुक्रवारी मी उठले आणि काय करावं कळेना. खाली काम नव्हतं. तरी जिना उतरले. मजलिसचं दार उघडं होतं, चादर अंथरलेली नव्हती, पण चहा तयार होता. आम्ही तो प्यायलो. भिंत आमच्या समोर होती. मग ती म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला उठव. मला झल्लाकला घेऊन चला."

झल्लाक बेटाच्या पश्चिमेला. तिथला समुद्रकिनारा सगळ्यांच्या सहलीचा, आम्ही तिथे मंडळाबरोबर गेलो होतो. ती जन्माची बेटावरची, पण तिच्या नवऱ्याबरोबर तिथे कधी गेली नव्हती, कारण शुक्रवार मोकळा नसायचा. माझ्या नवऱ्याने गाडी हळू चालवली. ती पुढे बसली आणि वाटेतल्या प्रत्येक गावाची, त्यातल्या कोणाचं लग्न कोणाशी मोडलं याची माहिती देत राहिली. किनाऱ्यावर वारा होता. आम्ही तिघं वाळूत बसलो, तिने घरून आणलेला माशाचा भात खाल्ला. मग ती उठली, काळी पायघोळ अबाया थोडी वर धरली आणि पाण्यात गेली. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. मी तिचा हात धरायला मागोमाग गेले.

"तो इथे असता तर म्हणाला असता, मीठ लागेल, धुवून टाक," ती म्हणाली. आणि पुढे झाली, मलाही ओढत.

त्यानंतरचे शुक्रवार आमचे तिघांचे झाले. आम्ही त्या छोट्या बेटावर मावेल तेवढं सगळं फिरलो. ती भिंत तिने पुढे रंगवून घेतली आणि तशीच मोकळी ठेवली. मी एकदा म्हणाले, एखादं चित्र लाव, तर म्हणाली, मला आता मोकळं आवडायला लागलंय.

दोन-तीन वर्षांनी नवऱ्याचा करार संपला, आम्ही परत निघालो. विमान सकाळचं होतं. मी आदल्या दिवशीच तिचा निरोप घेतला होता, दोघींनी भरपूर रडून घेतलं होतं, तेव्हा आता पुन्हा नको म्हणून आम्ही हळूच जिना उतरलो. तिचा मुलगा आम्हाला सोडायला गाडी घेऊन आला होता. पाहिलं तर पुढच्या सीटवर खाला, अबाया घालून, मांडीवर थर्मास.

"विमानतळ पाच मिनिटांवर आहे," ती म्हणाली. "पाच मिनिटं कशाला सोडू?"

विमानतळाच्या पार्किंगमध्ये गाडीचं बोनेट तापायच्या आत आम्ही त्यावर पेले ठेवून चहा प्यायलो. तिने नवऱ्याला सांगितलं, हिला कामाला लाव, ही रिकामी बसली की आजारी दिसते. नवरा हो म्हणाला. मला तिने काहीच सांगितलं नाही. माझा पेला रिकामा झाला की भरत राहिली, मुलगा घड्याळ दाखवेपर्यंत.